वन्संचा डायनासोर

डायनासोर या पृथ्वीवरून फार पूर्वी नाहीसे झाले असं तुम्हाला तिकडच्या शाळेत शिकवलं असेल, पण ते साफ चुकीचं आहे. त्यांच्यातला शेवटचा एक नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा डोंबिवलीत, कोपर स्टेशनच्या बाजूला, दोन खोल्यांच्या एका जागेत राहत होता. त्याला रोज संध्याकाळी खिडकीशी नेऊन बसवलं जाई, त्याच्या तब्येतीची चौकशी होई आणि दिवेलागणीला ‘शुभं करोति’ म्हणून त्याला झोपवलं जाई. हे सगळं करणारी बाई म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, तुमच्या बाबाची आत्या. मी त्यांना वन्सं म्हणत असे. लोक कुत्री पाळतात, पोपट पाळतात, आमच्या शेजारी एका गृहस्थांनी कासव पाळलं होतं. पण व्हिडिओ गेममधल्या प्राण्याला इतक्या लाडात आणि त्याहून जास्त शिस्तीत वाढवणारी बाई वन्संखेरीज त्रिभुवनात झाली नसेल.

वन्सं निवृत्त होईपर्यंत कल्याणच्या एका मुलींच्या शाळेत शिवण शिकवत. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, आणि मी नोकरी करत असल्यामुळे तुमचा बाबा लहानपणी शाळा सुटली की त्यांच्याकडेच असे. त्यामुळे झालं असं, की त्याला जन्म मी दिला, पण तो मोठा झाला की नाही हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवला, आणि त्यांच्या मते तो झालेला नव्हता. इंजिनिअर होऊन नोकरीला लागल्यावरही ‘बाळ्या’ हे नाव सुटलं नाही. एकदा तो ऑफिसला निघाला असताना शर्टाचं बटण लोंबताना त्यांना दिसलं. जिन्यात गाठून त्यांनी ते त्याच्या अंगावरच शिवायला घेतलं, आणि अंगावरचं शिवू नये म्हणून त्याला तोंडात केरसुणीची काडी धरायला लावली. वरच्या मजल्यावरच्या मुली कॉलेजला निघाल्या होत्या. काडी तोंडात धरलेला इंजिनिअर त्यांनी मनसोक्त पाहून घेतला. “आत्या, सोड ना!” तो दातांतून म्हणाला. “काडी पडेल. गप्प उभा राहा,” वन्सं म्हणाल्या.

त्या वर्षी, दोन हजार साल उजाडायच्या आत संगणकातली सालं दुरुस्त करायला निम्मी डोंबिवली अमेरिकेला चालली होती. त्यात तुमचा बाबाही गेला. जाताना त्याने कपाटात एक राखाडी रंगाचं यंत्र मागे ठेवलं. साबणाच्या मोठ्या वडीएवढं, चार बटणांचं, आणि त्यात शेवाळी रंगाची एवढीशी काच. तुम्ही आता हसाल, पण तेव्हा ते पाहायला बिल्डिंगमधली माणसं आली होती. परदेशी जाणाऱ्या मित्राकडून त्याने ते मागवलं होतं आणि खेळायला सवड मिळायच्या आतच त्याचं तिकीट आलं. तो गेल्यावर वन्सं कपाट आवरायला आल्या, त्यांच्या हाताला ते लागलं, आणि त्या म्हणाल्या, “बीएबाई, हे चालतं कसं ते बघा बरं जरा.” मी इंग्रजी घेऊन बीए झाले होते, त्यामुळे घरातली औषधाची बाटली असो की मिक्सर, त्याबरोबरचं माहितीपत्रक वाचणं हे माझंच काम असे. मी खेळाची पुस्तिका काढली, तिला खाकी कव्हर घातलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली. पुस्तिकेत लिहिलं होतं, की रानात नाना तऱ्हेचे विचित्र प्राणी आहेत, ते पकडायचे, वाढवायचे आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवायचे. “म्हणजे कोंबड्यांच्या झुंजी,” वन्सं म्हणाल्या. “चांगल्या घरातली मुलं असलं खेळतात होय?” आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या.

सुरुवातीला एक म्हातारे डॉक्टर येऊन तीन प्राण्यांतला एक निवडायला सांगत. एक पक्षी होता, त्याच्या शेपटीतून ज्वाळा निघत होत्या. एक पाण्यातलं काहीतरी गुळगुळीत होतं. आणि तिसरा हा. पुस्तिकेत त्याला फर्नोडॉन म्हटलं होतं. बुटके चार पाय, जमिनीला टेकलेलं पोट, मानेभोवती पानांची झालर, नाकावर एकच बोथट शिंग, आणि दुपारी जेवून पडलेल्या माणसाला कुणी दाराची घंटा वाजवून उठवावं असा चेहरा. पुस्तिकेच्या मते पहिल्यांदा खेळणाऱ्याने पक्षी घेणं शहाणपणाचं होतं. तसं मी सांगितलं. “पेटलेली शेपटी घेऊन घरात फिरणार तो? पडदे आहेत आपल्याकडे,” वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी तो जेवून पडलेला उचलला. त्याचा रंग कोणता यावर आमचा वाद कधीच मिटला नाही, कारण त्या काचेत सगळंच शेवाळी दिसे. माझ्या मते तो राखाडी होता. वन्सं म्हणत, कोवळ्या कारल्याच्या रंगाचा आहे, आईला कळतं.

मग यंत्राने विचारलं, याचं नाव काय ठेवायचं. मी म्हटलं, टाका काहीतरी. वन्संनी लगेच यंत्र बंद केलं. नाव असं ‘काहीतरी’ ठेवत नाहीत. पंचांग पाहून त्यांनी दिवस काढला, हरभरे भिजत घातले, घुगऱ्या केल्या आणि शेजारच्या चार बायकांना बोलावलं. त्या बिचाऱ्या कुणाचं बारसं म्हणून विचारत आल्या, आणि पाटावर ब्लाउजपीसच्या नव्या अभ्र्यात ठेवलेलं राखाडी यंत्र पाहून घुगऱ्या खायला बसल्या. वन्संनी त्याच्याकडे वाकून तीनदा ‘ढब्बू’ म्हटलं, आणि मग ते नाव मी एकेक इंग्रजी अक्षर शोधून आत घातलं. “अभिनंदन बाई,” त्यातली एक धीट बाई म्हणाली. “दुपटं आणायला हवं होतं, पण माप ठाऊक नव्हतं.”

त्या खेळात काही रीतीभाती होत्या, पण वन्संना त्या मान्य नव्हत्या. रानातला प्राणी पकडायचा तर आधी ढब्बूकडून त्याला मारून अर्धमेला करायचा आणि मग त्याच्यावर जाळं टाकायचं, असं पुस्तिकेत स्वच्छ लिहिलं होतं. “पाहुण्याला बडवून घरात आणायचं? ही कुठली रीत?” म्हणून त्या धडधाकट प्राण्यावरच जाळं टाकत, आणि धडधाकट प्राणी अर्थातच निघून जात. “त्याची इच्छा नव्हती,” असं म्हणून त्या पुढे चालू लागत. त्यामुळे दुसऱ्यांकडे प्राण्यांचे तांडे जमले तरी वन्संचा संसार ढब्बू आणि आपण होऊन आलेलं एक आंधळं वटवाघूळ एवढाच राहिला. खेळातल्या कुठल्याही गावात कुणाच्याही घरात सरळ शिरता येई, पण दार उघडायच्या आधी त्या बाहेर थांबून एक बटण दाबत. त्या बटणाने काही होत नसे. “बेल वाजवते,” त्या म्हणत. लढाईत ढब्बूला एवढंसं खरचटलं तरी त्याला तिथल्या दवाखान्यात नेत. तिथली नर्स दर वेळी तेच वाक्य म्हणे, मी दर वेळी त्याचं मराठी करे, आणि वन्सं दर वेळी तिला म्हणत, “बाई, तुमचे उपकार आहेत.” चतुर्थीला ढब्बू लढत नसे. त्याला वन्संचा उपास असे.

सगळ्यात मोठा खर्च सेलचा होता. त्या यंत्राला एका वेळी चार पेन्सिल सेल लागत आणि ते बघता बघता संपत. वन्संना ते टाकून देववत नसत. त्या ते खिडकीत कुरडयांशेजारी उन्हात वाळत घालत, आणि खरंच, उन्हं खाल्लेले सेल ढब्बूला आणखी थोडा वेळ चालवत. तेही संपले की त्या आमच्या घरी येत, चहा घेत, आणि त्या गेल्यानंतर तासाभराने तुमचे आजोबा बातम्यांसाठी ट्रान्झिस्टर लावत, तर तो मुका झालेला असे. भिंतीवरचं घड्याळही याच रोगाने वरचेवर आजारी पडे. “ताई,” एकदा ते न राहवून म्हणाले, “माझं घड्याळ तुझ्या त्या पालीला घालतेस?” वन्संनी कप खाली ठेवला. “निवृत्त झालास ना? मग किती वाजले ते कळून तुला कुठे जायचंय?” त्यानंतर ढब्बूला कुणी पाल म्हणालं नाही.

त्यांच्याकडे मासे घेऊन येणारी खाडीकाठची एक कोळीण होती. वन्संची आणि तिची जन्माची दोस्ती, म्हणजे दोघी दर बुधवारी भांडत. एकदा पाटी उतरवून ती दारात टेकली आणि वन्संच्या हातातल्या काचेत डोकावली. “काय गो बाय, घोरपड पालली का काय तू?” वन्संनी सांगितलं, डायनासोर आहे. कोळणीने विचार केला. “अंडी देत नाय, त्याचा कालवन व्हत नाय. मंग पालतंस कशाला?” वन्सं बोंबील निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तुझ्या नवऱ्याचं तरी काय होतं गं? पाळतेसच ना?” कोळीण इतकी हसली, की पाटीवर ठेवलेला हात घसरून तीन पापलेटं जिन्यावरून खाली गेली, आणि ती वन्संनीच विकत घ्यावीत यावर मग रीतसर भांडण झालं.

आता मुद्द्याचं सांगते. अशा लढाया जिंकत जिंकत ढब्बू एका दिवशी एकाएकी थरथरायला लागला. काच लखलखली, वेगळंच संगीत सुरू झालं, ढब्बूची नुसती सावली दिसायला लागली, आणि ती सावली क्षणात लहान, क्षणात केवढी तरी मोठी व्हायला लागली. “काय होतंय गं त्याला? बघ, बघ लवकर!” वन्सं ओरडल्या. मी पुस्तिका उघडून वाचेपर्यंत त्यांनी घाबरून हाताला येतील ती सगळी बटणं दाबली. थरथर थांबली. ढब्बू पुन्हा होता तसा, जेवून पडलेला. मग मी वाचून दाखवलं: पुरेशा लढाया जिंकल्या की फर्नोडॉन मोठा होतो, त्याचं रूप पालटतं, त्याला तीन शिंगं येतात, तो पर्वत फोडतो. मात्र मालकाला नको असेल तर ऐन वेळी उजवीकडचं लाल बटण दाबून थांबवता येतं. एकदा मोठा झाला की परत लहान होत नाही. वन्संनी एवढंच विचारलं, “लाल म्हणजे हेच ना?” त्यानंतर ढब्बू प्रत्येक लढाई जिंकून थरथरायला लागे, आणि प्रत्येक वेळी वन्संचा अंगठा लाल बटणावर तयार असे. पोळी तव्यावर जळाली तर जळो, पण तो अंगठा कधी चुकला नाही.

तुमच्या बाबाला हे सगळं माहीत होतं. दर रविवारी त्याचा फोन येई, आणि त्यासाठी वन्सं सकाळपासून आमच्याकडे येऊन बसत. आधी ‘काय जेवलास’, मग लगेच ढब्बूची हकिकत. “आत्या, होऊ दे ना त्याला मोठा,” तो हसून म्हणे. “तीन शिंगं येतात, पर्वत फोडतो.”

“पर्वत फोडून करायचंय काय? आहे तो काय वाईट आहे?”

वाईट नव्हता, पण पुढे जात नव्हता. खेळातल्या पाचव्या गावात आग ओकणारे प्राणी पाळणारी एक आगवाली बाई होती, तिला हरवल्याशिवाय पुढचा रस्ता उघडत नसे, आणि ती ढब्बूला दर वेळी भाजून काढे. वन्संनी त्याची दृष्ट काढली. यंत्रावरून मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून शेगडीत टाकल्या, तेव्हा सगळा मजला खोकत जिन्यात आला. आगवालीवर काही परिणाम झाला नाही. “आत शिरतानाच तिचं तोंड बघून मला कळलं होतं,” वन्सं म्हणाल्या आणि ढब्बूला घेऊन पुन्हा पहिल्या गावात फिरायला गेल्या. पुढे जाण्याची त्यांना मुळी घाईच नव्हती.

आणि मग एका रविवारी तुमचा बाबा हसला नाही. जेवलास का म्हटल्यावर हो म्हणाला, पण काय जेवला ते सांगेना. मग म्हणाला, “इथे काम झालं की खोलीवर यायचं, आणि कुणाशी बोलायला नाही. शनिवार-रविवार तर संपतच नाहीत.” आणि त्याने विचारलं, “आत्या, ढब्बूला पाठवशील? तिकडच्या ऑफिसातला एक मित्र येतोय इकडे. ठाण्याला, खोपटला राहतो.”

“पाठवते की,” वन्सं म्हणाल्या. इतक्या पटकन, की मलाच दचकायला झालं.

फोन ठेवल्यावर मात्र त्या चहा न घेताच निघाल्या. मी दुसऱ्या दिवशी कोपरला गेले, तर त्या यंत्र मांडीवर घेऊन बसल्या होत्या, बंदच. मी म्हटलं, “वन्सं, आपण त्याला दुसरा एखादा खेळ पाठवू. मुंबईत मिळतात आता.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी कव्हर घातलेली पुस्तिका उगाचच चाळायला लागले. “दुसऱ्याचं काय करू? त्याने ढब्बू मागितलाय,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “याला तिथे बटण दाबणारं कोण आहे गं? बाळ्याला सवड होईल का दर वेळी? आणि नाही दाबलं, तर हा अनोळखी गावात एकटाच मोठा होणार. आणि दाबलं, तर त्या आगवालीसारख्या किती बसल्या असतील पुढे. भाजून काढतील लहान म्हणून.” मी पुस्तिकेची शेवटची पानंही उलटून पाहिली. याचं उत्तर तिथे नव्हतं.

मग तयारी सुरू झाली. ढब्बूकडे असलेल्या सगळ्या पैशांची त्यांनी तिथल्या दुकानातून औषधं घेतली, पिशवीत मावेनात इतकी. अमेरिकेत थंडी असते म्हणून यंत्राला फ्लॅनेलचं अस्तर लावून नवा अभ्रा शिवला. वटवाघळाला सोबत राहायची समज दिली. मित्राकडे न्यायच्या पिशवीत ढब्बू, चकल्या, मेतकूट आणि तुमच्या बाबासाठी सहा इस्त्रीचे रुमाल असा ऐवज झाला. ठाण्याला लोकलने जायचं तर गर्दीत ढब्बू चेंगरेल, म्हणून आम्ही डोंबिवलीहून उलट दिशेला कल्याणला गेलो आणि तिथून खोपटची एसटी धरली. खिडकीशी वन्सं, मांडीवर पिशवी, हातात ढब्बू. “शेवटचं जरा फिरवून आणते,” म्हणत त्यांनी रस्ताभर त्याला रानात हिंडवलं. खोपटला गाडी लागली, माणसं उतरली, आणि नेमकी त्याच वेळी रानात एका भल्यामोठ्या खेकड्याने ढब्बूची वाट अडवली. वन्सं उठेनात. ढब्बूने खेकड्याला लोळवलं, आणि काच लखलखायला लागली. तेच संगीत. तीच सावली.

मी वन्संच्या अंगठ्याकडे पाहिलं. तो बटणावर होता. मग त्यांनी एकाएकी ते यंत्र माझ्या हातात दिलं, दोन्ही हात पदराखाली घेतले आणि म्हणाल्या, “धर.”

“वन्सं, बटण दाबू का?”

“दाबलंस तर बघ.”

कंडक्टर सीटपाशी आला. “आजी, उतरा. गाडी आत लावायचीय.”

“थांब रे बाबा. पोरगा मोठा होतोय.”

त्या माणसाला काय वाटलं कोण जाणे, पण तो थांबला आणि आमच्या खांद्यावरून काचेत बघत राहिला. सावली लहान झाली, मोठी झाली, आणि मोठीच राहिली. मग उजेड पडला, तर तिथे तीन शिंगांचं, काचेत न मावणारं एक धूड उभं होतं. “आयला,” कंडक्टर म्हणाला. वन्संनी मान तिरकी करून ढब्बूला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “डोळे तेच आहेत गं,” त्या म्हणाल्या. “झोपाळू.” मग अभ्रा चढवला, बंद बांधले आणि खाली उतरल्या. मित्राच्या घरी त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. यंत्र त्याच्या हातात देताना एवढंच म्हणाल्या, की सामानात टाकू नका, जवळ ठेवा.

यंत्र पोचल्यावरच्या पहिल्या रविवारी तुमच्या बाबाचा फोन आला तो हसतच. त्याने चकल्या संपवल्या होत्या आणि त्या आगवाल्या बाईला हरवलं होतं. “एका फटक्यात, आत्या! पण हा मोठा कसा झाला गं? तू तर बटण कधी सोडत नव्हतीस.”

“अरे, बसमध्ये केवढा धक्का बसला,” वन्सं म्हणाल्या. “बटण सापडेचना. झाला मोठा, काय करणार?” पलीकडून तो काहीतरी बोलला, त्यावर त्या नुसत्या हं हं करत राहिल्या. मग विचारलं, “जेवतो का नीट?”

“कोण, ढब्बू?”

“दोघंही रे,” असं म्हणून त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला आणि गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या.

वन्संना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. तुमचा बाबा अजून ती धक्क्याची गोष्ट लोकांना रंगवून सांगतो; तुम्हीही ऐकली असेल. ती बस त्या वेळी खोपटच्या स्टँडवर उभी होती आणि तिचं इंजिन बंद होतं, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका.